लंगड्या पिल्लाची काळजी: आधी ऊब, मग पाणी, मग पाय

पिल्लू लंगडताना दिसलं की आपला हात सरळ त्याच्या पायाकडे जातो. कुठे दुखतंय बघू, जरा ओढून बघू, काडी लावून बांधून टाकू. थोडं थांबा. चार-आठ दिवसांचं पिल्लू नुसता पाय मोडल्याने सहसा मरत नाही. ते मरतं गारठ्याने आणि पाण्यावाचून. पाय टेकवत नाही म्हणून ते आईच्या पंखाखाली पोचत नाही, पाण्याच्या वाटीपर्यंत जात नाही, आणि एका रात्रीत संपतं.

घरी गावरान कोंबड्या असल्या की हे कधी ना कधी होतंच. कोंबडीचाच पाय पडतो, दार लागतं, लहान मूल हौसेने उचलतं आणि हातातून सोडतं, जाळीत नखी अडकते. माझ्याकडचं पहिलं पिल्लू जायबंदी झालं ते डालग्याने. दिवेलागणीला घाईघाईत डालगं झाकलं आणि काठाखाली एक पाय राहिला. त्या रात्री मी तो पाय नीट बांधायच्या नादात तासभर घालवला. पिल्लू हातातच गार होत गेलं, आणि पहाटे पाहिलं तर मरून पडलं होतं. त्यानंतर हाताखालून गेलेल्या पिल्लांनी आणि वेळोवेळी समजावून सांगणाऱ्या पशुवैद्यकांनी जे शिकवलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे.

पहिला तास

पिल्लू उचलताना मूठ आवळू नका. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल नसतं. त्यांच्या छातीचं हाड पुढेमागे हललं तरच हवा आत-बाहेर होते. घट्ट धरलेलं पिल्लू आपल्या नकळत हातातच गुदमरू शकतं. ओंजळीत घ्या, पाठीवर दुसऱ्या हाताची सैल झाकण ठेवा, पाय बोटांच्या मधून मोकळे लोंबू द्या.

मग ते बाकीच्यांपासून वेगळं करा. यात दयामाया आड येऊ देऊ नका. पायावर रक्ताचा लाल ठिपका दिसला की इतर पिल्लं तिथेच टोचत राहतात आणि साधी जखम हाडापर्यंत जाते. मात्र एकटं पिल्लू सारखं ओरडतं आणि खाणं सोडतं, म्हणून रक्त थांबल्यावर कळपातलं एखादं शांत पिल्लू सोबतीला ठेवावं. ते टोचतंय असं दिसलं तर दुसरं आणावं. तेही जमत नसेल तर खोक्यात छोटा आरसा उभा केला तरी पिल्लू बरंच निवतं.

खोका बुटांचा चालेल, पण तळाशी वर्तमानपत्र घालू नका. कागद गुळगुळीत असतो, पाय दोन्हीकडे घसरतात, आणि एका पायाचं दुखणं दोन्ही पायांचं होतं. स्टीलची परात, प्लास्टिकचा टब, फरशी हे सगळं त्याच जातीचं. गोणपाटाचा तुकडा घाला, त्याचे सुटे धागे आधी कापून टाका, आणि वर जुन्या सुती कपड्याचा एक थर द्या. कपडा दिवसातून दोनदा बदलायचा, कारण बसून राहणारं पिल्लू स्वतःच्याच विष्ठेत बसतं.

आता ऊब. पहिल्या आठवड्यात पिल्लाला साधारण ३५ अंश सेल्सिअस लागतं, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं. घरी सगळ्यात सोपा उपाय म्हणजे जुन्या पद्धतीचा, तार तापणारा ४० किंवा ६० वॅटचा पिवळा बल्ब. एलईडी बल्ब कामाचा नाही, तो उजेड देतो पण ऊब देत नाही. हल्ली घरात दुसरा बल्बच नसतो, आणि पिल्लू प्रकाशात बसलंय म्हणजे उबेत बसलंय असं वाटून फसगत होते.

निरोगी पिल्लांसाठी सांगितलेले नियम इथे जसेच्या तसे लावू नका. निरोगी पिल्लाला गरम झालं की ते बल्बपासून लांब सरकतं, गार वाटलं की जवळ येतं. आपल्या पिल्लाला सरकताच येत नाही. त्याला बल्बच्या बरोबर खाली ठेवलं तर ते भाजून निघेल. म्हणून उबेच्या कडेला ठेवा, तापमापक त्याच्या पाठीच्या उंचीवर धरून बघा, आणि पहिल्या दिवशी दर अर्ध्या तासाने डोकावा. मोठमोठ्याने ओरडत असेल, अंग आक्रसून घेत असेल, पायाचे तळवे गार लागत असतील, तर ऊब कमी पडते आहे. चोच उघडून धापा टाकत असेल, पंख अंगापासून सोडले असतील, तर जास्त होते आहे. मान टाकून, हलक्या आवाजात कुजबुजत झोपलं तर बरोबर.

बल्ब वायरवर लोंबकळत ठेवू नका. साखळीने किंवा तारेने पक्का टांगा, कपड्याला आणि पुठ्ठ्याला कुठेही टेकता कामा नये. रात्री वीज जाणार हे गृहीतच धरा. गरम पाण्याची बाटली जुन्या मोज्यात घालून पिल्लाच्या एका बाजूला ठेवली की दोन-तीन तास निभतात.

पाणी आणि चारा

अंग कोमट झाल्यावरच पाणी. गारठलेल्या पिल्लाच्या घशात काहीही ओतू नका.

अर्धा कप कोमट पाण्यात चिमूटभर गूळ किंवा साखर विरघळवा. बोट किंवा ड्रॉपर बुडवून एक थेंब चोचीच्या कडेला टेकवा. पिल्लू मान वर करून स्वतः गिळेल. चोच उघडून आत पाणी सोडू नका: श्वासनळीचं तोंड जिभेच्या अगदी मुळाशी असतं, आणि पाणी तिकडे गेलं की पायाचा प्रश्नच उरत नाही. तहान भागेपर्यंत थेंब थेंब द्या. गोड पाणी फक्त पहिल्या दिवशी, आणि दर चार तासांनी नवीन करायचं, ते लवकर आंबतं. दुसऱ्या दिवसापासून साधं स्वच्छ पाणी, बाटलीच्या झाकणात, आत चार खडे टाकून. पिल्लू बसल्या बसल्या मान खाली टाकतं आणि उथळ पाण्यातही बुडू शकतं.

खाण्यापिण्याची भांडी चोचीपासून एका बोटावर हवीत. उठून जावं लागलं तर ते जाणार नाही. दुकानात मिळणारं चिक स्टार्टर सगळ्यात उत्तम, त्यात पिल्लाला लागणारी २० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात. अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं खाद्य मात्र देऊ नका, त्यातला जास्तीचा चुना पिल्लाच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. स्टार्टर मिळेपर्यंत उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक बारीक कुस्करून, त्यात भरडलेली ज्वारी किंवा मका मिसळून द्या.

आपल्याकडे पिल्लांना नुसती तांदळाची कणी घालायची पद्धत आहे. पोट भरतं, पण पांढऱ्या कणीत ब-२ जीवनसत्त्व जवळजवळ नसतं. त्याच्या कमतरतेने पिल्लांची बोटं आत वळतात आणि ती घोट्यांवर रांगू लागतात. कित्येकदा ‘पायाला लागलंय’ म्हणून आणलेल्या पिल्लाला काहीच लागलेलं नसतं, त्याला महिनाभर कणीच मिळालेली असते.

आता पाय बघा

पिल्लू शांत झालं, पाणी प्यालं, की दिवसाउजेडी पाय बघायचा. त्याआधी पायाची ओळख करून घ्या. कोंबडीच्या पायात मागे दुमडणारा जो सांधा आपल्याला दिसतो, त्याला आपण गुडघा म्हणतो. तो खरं तर घोटा आहे. खरा गुडघा वर, पिसांच्या आत, पोटाला चिकटून असतो. घोट्यापासून बोटांपर्यंतचा खवलेदार भाग म्हणजे नळी. हे कळलं की पाय उलटा दुमडलाय अशी धास्ती वाटत नाही, आणि दवाखान्यात फोनवर नीट सांगताही येतं.

नेहमी चांगल्या पायापासून सुरुवात करा. तो कसा वाकतो, कुठे कडक लागतो, किती गरम आहे हे आधी बोटांना कळू द्या. मग दुखरा पाय वरून खाली, हलक्या बोटाने. सूज कुठे आहे, हाडाला नको तिथे वाक आहे का, हात लावल्यावर कुठे ओरडतं. बोटाला अलगद चिमटा काढल्यावर पाय मागे ओढतं का तेही पाहा. ओढलं तर जाणीव शाबूत आहे, आणि ही चांगली खूण आहे.

सगळ्यात आधी केस किंवा दोरा शोधा. बाईमाणसाचा लांब केस, गोणीचा सुतळीतंतू, पतंगाचा मांजा पायाला गुंडाळला जातो आणि पिल्लू वाढतं तसा तो कातडीत रुतत जातो. बोटं फुगलेली आणि वर एक बारीक खोल रेघ दिसली तर समजा दोराच आहे. कोमट पाण्यात पाय पाच मिनिटं भिजवा, टोकदार छोट्या कात्रीने दोरा कापा, ओढून काढू नका. एवढ्यानेच पुष्कळ पिल्लं त्याच दिवशी चालू लागतात.

कोणत्या दुखण्याला काय

मुरगळलं असेल तर सूज थोडी असते, हाड सरळ असतं, पिल्लू पाय उचलून धरतं पण बोटं हलवतं. याला काहीही बांधू नका. लहान खोका, ऊब, आराम. तीन-चार दिवसांत फरक दिसतो, आठवड्यात बहुधा बरं होतं. नवख्या माणसाच्या हातून सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं, कारण काही तरी केल्याशिवाय राहवत नाही.

पाय फाकलेलं पिल्लू म्हणजे दोन्ही पाय दोन बाजूंना पसरलेलं, पोटावर पडलेलं. बहुतेक वेळा निसरड्या तळामुळे होतं, आणि अंड्यातून निघाल्यापासून पहिल्या चार-पाच दिवसांत धरलं तर सहज सुधारतं. जखमेवर लावायची चिकटपट्टी उभी कापून अर्ध्या सेंटिमीटरची फीत करा. मधला कापसाचा भाग दोन पायांच्या मध्ये येऊ द्या, दोन्ही टोकं घोट्याच्या खाली नळीभोवती सैल गुंडाळून स्वतःवरच चिकटवा. दोन पायांत दोन-अडीच सेंटिमीटर अंतर राहावं, म्हणजे निरोगी पिल्लू उभं राहतं तेवढंच. पहिला तास ते धडपडेल, पुढे पडेल. तुम्ही बोटांचा आधार देऊन दिवसातून चार-पाच वेळा दोन-दोन मिनिटं उभं करा. फीत रोज तपासा, दिवसाआड बदला, तीन ते पाच दिवसांनी काढा.

बोटं वळलेली असतील तर जाड पुठ्ठ्याचा, पिल्लाच्या पंजाएवढा तुकडा कापा. बोटं एकेक करून सरळ पसरवा आणि वरून कागदी टेपने पुठ्ठ्याला चिकटवा. हा टेप औषधांच्या दुकानात मिळतो, आणि नाजूक कातडीवरून बिनत्रास निघतो. पहिल्या दोन दिवसांतलं पिल्लू असेल तर दोन-तीन दिवसांत बोटं सरळ होतात. बोटं आठ-पंधरा दिवसांनी वळली असतील तर नुसत्या पुठ्ठ्याच्या बुटाने भागत नाही, ब-समूहाच्या जीवनसत्त्वांचं द्रव औषध पशुवैद्यकाकडून घ्या आणि बलक, उकडलेली कलेजी, बारीक चिरलेला मेथी-शेवग्याचा पाला सुरू करा.

नळीचं हाड मोडलं असेल आणि कातडी फाटलेली नसेल, तर खपच्या घरी लावता येतात. दोन माणसं हवीत: एकाने पिल्लू कपड्यात गुंडाळून धरायचं, दुसऱ्याने बांधायचं. नळीवर कापसाचा किंवा गॉजचा एक पातळ थर द्या. कोल्ड्रिंकची नळी किंवा पेनातली रिकामी रिफील पायाच्या नळीएवढी कापून उभी चिरा, तिच्या दोन अर्ध्या वाट्या हाडाच्या दोन बाजूंना बसवा. काही नसेल तर खराट्याचे दोन हीर, टोकं बोथट करून. हाड हलक्या हाताने सरळ रेषेत धरायचं, खेचायचं नाही. वरून कागदी टेप, घोट्याच्या खालून बोटांच्या वरपर्यंत. बोटं उघडी राहिलीच पाहिजेत, कारण आपल्याला जे कळणार ते त्यांच्यावरूनच. अर्ध्या तासाने बघा. बोटं फुगली, निळी-पांढरी पडली किंवा गार लागली, तर पट्टी घट्ट झाली आहे, लगेच सोडा. पिल्लू इतक्या भराभर वाढतं की आज सैल असलेली पट्टी चौथ्या दिवशी फास होते. दर तीन दिवसांनी नव्याने बांधा. दहा ते चौदा दिवसांत हाड धरतं.

हे मी फक्त नळीपुरतं सांगते आहे. घोट्याच्या वरची मोडतोड, मांडीचं हाड, कातडीतून बाहेर आलेलं हाड, यांना घरी हात लावू नका. त्या पिल्लाला लहान डब्यात, हलणार नाही असं कपड्याच्या कडबोळ्यात बसवा आणि दवाखान्यात न्या. तसंच घोट्यावरची शीर, म्हणजे रक्ताची नव्हे तर स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी (टेंडन), घसरली असेल तरही. चांगल्या पायाच्या घोट्यामागे दोरीसारखी शीर मधोमध लागते. दुखऱ्या पायात ती बाजूला सरकलेली असते, घोटा सपाट आणि सुजलेला दिसतो, पाय सरळच होत नाही. भराभर वजन धरणाऱ्या जातींच्या पिल्लांत हे जास्त दिसतं, खाद्यात मँगनीज आणि कोलीन कमी पडल्यानेही होतं. पहिल्या काही तासांत जाणकार हात ती शीर जागेवर बसवू शकतो, दोन-तीन दिवस गेले की जवळपास काहीच उरत नाही. तेव्हा इथे घाई करा.

जखम आणि औषधं

जखम धुवायला अर्धा लिटर पाणी उकळून कोमट करा, त्यात जेमतेम एक छोटा चमचा मीठ. त्यानंतर पोव्हिडोन आयोडिन पाण्यात पातळ करून, काळ्या चहाच्या रंगाइतपत, कापसाने टिपा. हळदीची चिमूट चालते. तेलात कालवलेली हळद नको: तेलाने मऊ लव चिकटते आणि पिल्लू अंगातली ऊब धरू शकत नाही. पावसाळ्यात जखम उघडी ठेवून माशा बसू दिल्या तर एका दिवसात किडे पडतात, म्हणून खोक्यावर मच्छरदाणीचा तुकडा बांधा.

माणसांची वेदनाशामकं अजिबात नाहीत. पॅरासिटामॉलचा चतकोर तुकडासुद्धा नाही, बाम नाही, दुखणं बधिर करणारी मलमं नाहीत. मलमातल्या औषधाच्या नावाच्या शेवटी ‘केन’ असेल, जसं लिग्नोकेन, बेंझोकेन, तर ते बाजूला ठेवा. डायक्लोफिनॅकची गोष्ट आपल्याला माहीतच आहे: ते दिलेल्या जनावरांचं मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होत गेली, आणि २००६ साली भारतात ते जनावरांसाठी बंद झालं. कोंबड्यांच्या मूत्रपिंडांनाही ते सोसत नाही. पक्ष्यांना चालणारी वेदनाशामकं आहेत, पण ५० ग्रॅमच्या जिवाला किती द्यायचं ते पशुवैद्यकानेच ठरवावं.

तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कोंबडीचं पिल्लू नेताना संकोच वाटून घेऊ नका. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे, तिथे निदान विचारता तरी येतं.

लागलं नसेल तर?

एक पिल्लू लंगडलं तर इजा असू शकते. दोन-तीन एकदम लंगडली तर इजा समजू नका. मान वळणं, हिरवी हगवण, घरघर, पंख लोंबणं यांपैकी काहीही सोबत असेल तर मानमोडीचा (राणीखेत रोगाचा) संशय घ्या. दीड-दोन महिन्यांपुढच्या पिल्लाचा एक पाय पुढे आणि एक मागे ताणलेला असेल तर मरेक्स या विषाणूच्या आजाराचा. अशा वेळी आजारी पिल्लाला हात लावून थेट बाकीच्यांकडे जाऊ नका, आधी निरोग्यांना चारापाणी, मग आजाऱ्यांचं. भराभर मरू लागली तर मेलेली उघड्यावर टाकू नका, दवाखान्याला कळवा. भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो २००६ साली आपल्याच नवापुरात, आणि त्याची झळ परसातल्या कोंबड्यांनाही बसली.

पिल्लाला हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे, पोरांनाही धुवायला लावायचे. पिल्लाचे पापे घेऊ द्यायचे नाहीत.

पुढचे दिवस

बसून राहणाऱ्या पिल्लाची विष्ठा मागे चिकटून वाट बंद होते. रोज सकाळी कोमट पाण्याच्या कापसाने भिजवून काढा, सुकी ओढू नका, आणि लगेच कोरडं करून उबेत ठेवा. सकाळच्या कोवळ्या उन्हात दहा-पंधरा मिनिटं, सावली जवळ असेल अशी जागा बघून. काचेच्या आतलं ऊन उपयोगाचं नाही, हाडाला लागणारं ड जीवनसत्त्व त्यातून तयार होत नाही. ऊन आणि नीट खाद्य दोन्ही नसेल तर पिल्लांनाही मुडदूस होतो.

तिसऱ्या दिवशी पाय टेकवू लागलं, पाचव्या-सहाव्याला चाऱ्यासाठी दोन पावलं टाकली, तर मार्ग बरोबर आहे. वजन रोज एकाच वेळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर बघा. चालणं सुधारलेलं नसताना वजन वाढत असेल तर धीर धरा. वजन दोन दिवस सलग उतरलं तर दवाखाना.

पाय काळा-कोरडा पडला, दोन्ही पायांत जाणीव राहिली नाही, ऊब-पाणी देऊनही दीड दिवस चोच लावत नाही, अशा वेळी त्याला वेदनेत ताटकळत ठेवू नये. पशुवैद्यकाला सांगून त्याला शांतपणे जाऊ द्यावं. हे करताना हात कापतो, पण मी ते दोनदा केलं आहे आणि दोन्ही वेळा उशीरच केला असं मला वाटतं.

बरं झालेलं पिल्लू सरळ कळपात सोडू नका. पट्टी, फीत सगळं काढल्यावर, दोन दिवस स्वतःच्या पायांवर नीट चालू द्या. मग जाळीच्या डब्यात घालून दोन दिवस कळपाशेजारी ठेवा, म्हणजे दिसणं-ऐकणं होतं. आईकडे द्यायचं तर ते रात्रीच. दिवसा कोंबडी परकं समजून टोचते. अंधार पडल्यावर, ती पिल्लं घेऊन बसलेली असताना, मागच्या बाजूने हळूच तिच्या पंखाखाली सारा. आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत उठून खुराड्यापाशी जाऊन बसा, कारण तिने त्याला पत्करलं की नाही हे पहिल्या उजेडातच कळतं.